भिंतीकडची खुर्ची

मार्चअखेरीला भाचीचा मेसेज आला. अप्रायझलच्या फॉर्मचा फोटो, आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ. बाकी सगळं छान होतं. कामात चोख, चुका शोधण्यात टीममध्ये सगळ्यांच्या पुढे, दिलेली तारीख कधी चुकवत नाही. आणि त्या लाल रेघेवर, 'टीममध्ये अजून मिसळायला हवं.' खाली तिचा प्रश्न होता: "मावशी, मिसळायचं म्हणजे नक्की काय करायचं? आठवड्यातून किती वेळा?" मी आधी हसले. मग उत्तर लिहायला घेतलं आणि अडकले. 'सगळ्यांबरोबर चहाला जात जा' असं लिहून खोडलं, कारण ती जाते चहाला. 'गप्पा मार' लिहिलं, तेही खोडलं. कशाबद्दल, असं तिने विचारलं असतं आणि माझ्याकडे यादी नव्हती. तिने हाच प्रश्न मॅनेजरलाही विचारला होता म्हणे. तो म्हणाला, "अगं एवढं काय त्यात, बी युवरसेल्फ!" नोकरीला लागल्यापासून नेमकी तेवढीच एक गोष्ट तिने कटाक्षाने टाळली होती.

सत्ताविसाव्या वर्षी तिला ऑटिझमचं निदान झालं. तोवर ती आमच्या घरात 'हुशार पण घुमी' होती. ती खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. फॅमिली डेला मी तिचं ऑफिस पाहून आलेय. काचा, झाडं, झोपाळ्यासारख्या टांगलेल्या खुर्च्या, आणि मधे भिंत अशी नाहीच. कोणाची जागाही ठरलेली नाही. रात्री बारा वाजता अ‍ॅपवर दुसऱ्या दिवशीच्या खुर्च्या खुल्या होतात आणि ही पोरगी गजर लावून उठते, तत्काळचं तिकीट काढावं तशी कोपऱ्यातली खुर्ची पकडते आणि पुन्हा झोपते. पाठीमागे भिंत असलेली खुर्ची. मागून कोणी चालत गेलं की तिचं डोकं त्या पावलांमागे जातं. भिंत असली की निदान एक बाजू गप्प राहते. मी गेले त्या दिवशी पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमधून कोणाच्या तरी सुकटाचा वास येत होता, एसी घरघरत होता, शेजारचा मुलगा कीबोर्ड बडवत होता आणि तीन टेबलं पलीकडे कोणीतरी फोनवर गृहकर्जाच्या हप्त्यावरून भांडत होतं. मला यातलं काही सुटं ऐकूच आलं नाही, सगळ्याची मिळून एक गजबज. हे सगळं मला नंतर तिने सांगितलं, हप्त्याच्या रकमेसकट. तिला प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो आणि सगळे सारख्याच मोठ्याने.

संध्याकाळी घरी आली की दिवा न लावता फरशीवर आडवी होते. ताई म्हणते, दमते गं, पुण्याचं ट्रॅफिक. ट्रॅफिक तर आहेच. पण कुठल्या विनोदाला किती हसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघून मग नजर काढायची, 'कसा झाला वीकेंड' याला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे सगळं बाकीच्यांना आपसूक येतं आणि ही दिवसभर हिशेब करून करते. त्याला मास्किंग म्हणतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. हे सगळं सांभाळून वर ती टेस्टिंग करते, आणि पगार तिला फक्त टेस्टिंगचा मिळतो.

तिचा तो मेसेज डोक्यातून जाईना तेव्हा मला आमच्या शाखेतले काका आठवायला लागले. मी ऐंशीच्या दशकात सरकारी बँकेत लागले. काउंटरच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे जुनी लेजरं आणि व्हाउचरांचे गठ्ठे असायचे. डांबरगोळ्या, लाख आणि कापडी बांधणीचा मिळून एक वास तिथे भरून राहिलेला. काका तिथे बसून रोजची व्हाउचरं क्रमाने लावायचे, दाभणाने शिवायचे, त्यावर तारीख घालायचे. कानात कापसाचे बोळे, कारण पुढे पितळी टोकनं ट्रेमध्ये खणखणत पडायची आणि त्यांना तो आवाज सहन व्हायचा नाही. डबा रोज दहीभाताचा, रोज एक वाजून दहा मिनिटांनी. शाखेत सत्यनारायण असला की आरतीला कधी दिसायचे नाहीत. सगळे पांगल्यावर येऊन प्रसाद घेऊन जायचे. आणि लेजरं जुळवायला बसलो आणि फरक निघाला, की आम्ही सगळे त्या खोलीच्या दाराशी. एकदा ५४ रुपयांचा फरक होता. मान वर न करता म्हणाले, "नवाने जातोय. आकडे उलटे पडलेत." ८२ च्या जागी २८ लिहिलं की फरक ५४ येतो, शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नवाने भाग जातो, ही युक्ती जुन्या बँकवाल्यांना ठाऊक असते. पण ते उलटे पडलेले आकडे कुठल्या लेजरात, साधारण कुठल्या पानावर असतील हे त्यांना कसं उमगायचं, देव जाणे. मी डॉक्टर नाही, आणि गेलेल्या माणसाला मागाहून निदान चिकटवणं मला आवडतही नाही. त्यांना काय होतं ते मला माहीत नाही. त्यांना काय लागत होतं ते मात्र शाखेतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

ती खोली त्यांना कुठल्या नियमाने मिळालेली नव्हती. तेव्हाचे साहेब एकदा म्हणाले, "त्याला मागेच असू दे. मला व्हाउचरं वेळेवर मिळतायत ना?" आणि विषय संपला. हे सगळं मी आता लिहितेय त्याला एक सायसाखरेची चव यायला लागली आहे, म्हणून दुसरीही गोष्ट सांगते. त्याच शाखेत माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. तिला शाखेतल्या प्रत्येक खातेदाराचं नाव, मुलीचं सासर, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं पाठ. ठेवी आणायची मोहीम निघाली की तिच्याइतक्या कोणी आणल्या नाहीत. पण ती वेळेवर यायची नाही. किल्ल्या विसरायची, अर्ध्या भरलेल्या स्लिपा ड्रॉवरमध्ये राहायच्या, एकाचं काम करता करता दुसऱ्याचं सुरू करायची. लेट मार्क साठले की तिची रजा कापली जायची. मग मेमो. मग कोकणात बदली. काकांना 'तऱ्हेवाईक पण बुद्धिमान' म्हणायचे, तिला 'बेशिस्त'. पुरुषाने डबा एकट्याने खाल्ला तर त्याचा स्वभाव, बाईने पदर खोचून किल्ल्या शोधल्या तर तिचं वळण. निवृत्तीनंतर तिच्या नातवाला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्या अवस्थेचं, निदान झालं. डॉक्टर सुनेला प्रश्न विचारत होते आणि ही शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली, "अहो, हे तर माझंच चाललंय." मला फोनवर हे सांगताना ती खूप हसली. मग म्हणाली, "ते मेमो मी अजून ठेवलेत."

आणि मग काकांचे साहेब बदलले.

लेजर पोस्टिंगची मशीनं आधीच आली होती, नंतर संगणक आले. शिवायला व्हाउचरं उरली, पण शोधायला फरक उरला नाही. नवे साहेब वाईट नव्हते. बँकेत कोणाला एकाच जागेवर फार दिवस ठेवायचं नसतं, गैरव्यवहार टाळायला तो नियमच आहे आणि योग्य आहे. त्यांनी काकांना सेव्हिंग्जच्या काउंटरवर बसवलं. एका वजनदार खातेदाराला काका वर न बघता म्हणाले, "तुमची सही गेल्या महिन्यापासून बदलली आहे." सही खरंच बदलली होती, गृहस्थांचा हात थरथरायला लागला होता आणि ते त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. तक्रार आली. २००० च्या अखेरीस सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तिच्यात काका गेले. निरोप समारंभाला आले नाहीत. शाल-श्रीफळ शिपायाकरवी घरी पोहोचवलं.

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सगळे सुप्रभातची फुलं टाकतात. भाची पीडीएफ टाकते. कोणी उघडत नाही. मी उघडते, निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यातली एक ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांची, २०१८ ची. दोन मोठ्या कंपन्या भिंती पाडून मोकळ्या हॉलमध्ये गेल्या, तेव्हा माणसांच्या गळ्यात यंत्रं अडकवून त्यांनी मोजलं. समोरासमोर बोलणं वाढेल म्हणून भिंती पाडल्या होत्या. ते सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. म्हणजे मिसळणं म्हणतात ते बाकीच्यांनाही तिथे जमत नव्हतं तर! दुसरी पीडीएफ त्याहून जुनी, अर्नल्ड विल्किन्स या इंग्लंडमधल्या संशोधकाची, १९८९ ची. चोक लावलेली साधी ट्यूब आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही. एका ऑफिसातल्या ट्यूबांना न लुकलुकणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लावल्यावर तिथल्या लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला. हे लोक कुठल्या निदानाचे म्हणून निवडलेले नव्हते, ऑफिसात काम करणारी साधी माणसं होती. आमच्या मागच्या खोलीत ट्यूब नव्हती, साठचा पिवळा बल्ब होता. तो बदलायला इलेक्ट्रिशियन आला की काका त्याला दारातूनच परत पाठवायचे.

मला सगळ्यात आवडली ती एडिंबऱ्याची, २०२० ची, कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांची. लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो, तसाच प्रकार. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, पहिल्याला गोष्ट सांगितली, त्याने दुसऱ्याला, असं आठव्यापर्यंत. काही साखळ्यांत सगळे ऑटिझम असलेले, काहींत कोणीच नाही, काही मिश्र. नुसत्या ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट तितकीच पोहोचली जितकी नुसत्या बाकीच्यांच्या. गळती मोठी झाली ती मिश्र साखळीत. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच लिहून ठेवलंय की हा न समजण्याचा प्रकार दोन्ही बाजूंनी असतो. हे वाचल्यावर मी भाचीला विचारलं, मग तुझ्या मॅनेजरच्या अप्रायझलमध्ये 'भाचीशी मिसळायला हवं' असं कोणी लिहिलं का? तिने प्रश्न गंभीरपणे घेतला. म्हणाली, "त्याचा फॉर्म मला दिसत नाही."

कंपन्या काहीच करत नाहीत असं नाही. २०१३ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने ऑटिझम असलेल्यांना मुद्दाम नोकरीत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा छोटा प्रयोग तर आपल्या बंगळूरमध्येच झाला होता. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या निमित्ताने जी भाषणं होतात त्यांत एक 'सुपरपॉवर' येते, आणि ती ऐकली की भाची खोली सोडून जाते. "मला सुपरपॉवर नको, भिंतीकडची खुर्ची हवी," हे तिचं वाक्य. मला त्यात आणखी एक खुपतं. ज्याला कोडिंग येत नाही, आकड्यांची जादू येत नाही, ज्याला फक्त बावरायला होतं आणि वेळ जास्त लागतो, त्याचं काय? जुहूच्या 'कॅफे अर्पण'मध्ये बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्व असलेली माणसं काम करतात. तिथे गेलं की सुपरपॉवर आठवत नाही, कॉफी आली का एवढंच आठवतं. मला ते जास्त बरं वाटतं.

कायद्याचं मी मुद्दाम वाचलं, सवय आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली किंवा आकडेमोडीतली अडचण, हे त्यात आले. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का यांचा, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांबरोबर वाटून. एडीएचडी त्या एकवीसात नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीचा नातू उद्या तिच्याच वळणावर गेला, तर त्याच्या हातात मेमोला दाखवायला काही नाही. ज्याला वाजवी सोय म्हणतात, म्हणजे त्या माणसाला काम जमावं म्हणून केलेला फेरबदल, ती देण्याचं बंधन नोकरीच्या कलमात सरकारी आस्थापनांवर स्पष्ट घातलंय. खासगी कंपन्यांनी समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. भाचीच्या कंपनीने केलंय. वेबसाइटवर आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या हसऱ्या माणसाच्या फोटोसकट.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर मिळतो, त्याला किती वर्षं झाली. सायनच्या हॉस्पिटलात प्रमाणपत्रासाठी आईबाप मुलं घेऊन बसलेले असतात. त्यांतली पहिली मुलं आता चाळिशीच्या आसपास असतील, कुठल्या ना कुठल्या ऑफिसात. परीक्षेच्या हॉलबाहेर पडल्यावर त्यांचं स्पेलिंग सुधारलं असं समजायचं का? २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक मिळवून दिला आणि सांगितलं की त्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. ती परीक्षाच. पास होऊन कलेक्टर झाल्यावर शेऱ्यांच्या फाइली कोण लिहून देणार, तो पुढचा प्रश्न.

भाचीने अपंगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलेलं नाही. ताईचा विरोध आहे. "लग्न होऊ दे, मग काढ ते कार्ड," ती म्हणते. भाचीने विचारलं, "लग्नानंतर काढलं तर आधी नव्हता असं होतं का?" मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आले. पण ताईला हसणं अवघड आहे. तिने वधूवर मंडळात नाव घातलंय, तिथल्या फॉर्ममध्ये 'आरोग्य' असा रकाना असतो. आणि तिची भीती फक्त लग्नाची नाही. लिहून दिलं की नोंद होते, आणि पुढच्या कपातीला यादी करताना कोणाच्या तरी डोळ्यांसमोर ती नोंद येणार नाही याची खात्री कोण देईल? मी नाही देऊ शकत. भाचीही नाही. तिने नुसतं खांदे उडवले आणि म्हणाली, "मास्क लावूनही कपात होतेच."

खरं तर गेल्या वर्षी तिला खुर्ची मिळाली होती. आधीच्या मॅनेजर बाई समंजस. भाचीने त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी कोपऱ्यातल्या एका टेबलावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, अ‍ॅपला न विचारता. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी पाठवायला लागल्या. बोलता बोलता एखादी गोष्ट बदलली तर संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल. पैसा खर्च झाला नाही. गंमत म्हणजे अजेंडा आधी मिळतो म्हणून टीममधले दुसरेच खूश. तान्हं मूल असलेली एक मुलगी, हिंदी न कळणारा एक तमिळ मुलगा. एचआरने तेव्हा एकदाच कुरकुर केली होती, "असं केलं तर उद्या सगळ्यांनाच द्यावं लागेल." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. बँकेत पंखा मागितला तरी हेच. मला कधी कळलं नाही की सगळ्यांना अजेंडा मिळाला तर कंपनीचं काय बुडतं. आमच्या बँकेत तर पेन्सिल कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची याचंही सर्क्युलर असायचं. लेखी सूचना ही चैन आहे हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

मग त्या बाई दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या. नव्या मॅनेजरने पहिल्या आठवड्यात टेबलावरची चिठ्ठी काढली, कारण टीममध्ये कोणालाच खास वागणूक नको. माणूस सभ्य आहे, भाचीच सांगते. मार्चमधली ती ओळ त्याचीच.

आता ती पत्र लिहितेय. निदानाचा कागद जोडून, एचआरला, इंग्रजीत. मसुदा मला पाठवला, कारण आयुष्यभर मी हेच केलं: विषय, संदर्भ, मुद्दे. एक ठरलेली जागा, मागे भिंत असलेली. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी. तोंडी बदल त्याच दिवशी लेखी. आणि मिसळण्याचा शेरा एक तर काढावा, नाहीतर तो कसा मोजणार ते कळवावं. मी सुरुवातीला आभाराची एक ओळ सुचवली. "कशाबद्दल?" तिने विचारलं. सुचेना, तेव्हा ओळ काढली. ताईने ऑटिझम हा शब्द वगळता येईल का असं तीनदा सुचवलं, आणि चौथ्यांदा तो नीट दिसेल अशा जागी आहे ना ते विचारलं. मी फक्त एक मुद्दा वाढवला: सोयी मंजूर झाल्या तर त्या व्यक्तीच्या नोंदीवर याव्यात आणि मॅनेजर बदलला तरी लागू राहतील असं लेखी कळवावं. तो तिने लगेच घेतला, फक्त माझी 'कृपया' काढून. शेवटी मी म्हटलं, पोच घे. ती म्हणाली, "मावशी, ईमेलला पोच नसते." मी म्हटलं, असते, शोध. दहा मिनिटांनी तिने रीड रिसीटची खूण केलेला स्क्रीनशॉट पाठवला, आणि एक प्रत मला.